कोनसमुद्रमची मूस आणि फॅरडेचे चुंबक

अफझलगंज म्हटले की आपल्या जुन्या हैदराबादी मराठी घरांत धान्याचा गंज, उस्मानिया दवाखाना आणि मुसी ओलांडून जुन्या शहरात नेणारा नया पूल आठवतो. नवाब अफझल-उद्-दौला यांच्या कारकिर्दीत (१८५७ ते १८६९) नदीच्या उत्तर काठावर हा गंज वसला आणि त्यांचेच नाव त्यास मिळाले. शास्त्राच्या इतिहासातही या वस्तीस स्थान आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. भूल देण्याच्या क्लोरोफॉर्म या औषधाने हृदय आधी थांबते की श्वास, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या आश्रयाने दोन कमिशने नेमली गेली. त्यांचे सूत्रधार डॉ. एडवर्ड लॉरी हे अफझलगंजच्या दवाखान्याशी संलग्न वैद्यक शाळेचे प्रमुख होते. तो दवाखाना १९०८ च्या महापुरात वाहून गेला. कमिशनचे नाव मात्र वैद्यकाच्या ग्रंथांत राहिले.

आमचा आजचा विषय वैद्यकाचा नाही, धातूचा आहे. वितळलेला मिश्रधातू थिजू लागला की त्यात स्फटिक वाढतात. त्या वाढीवर चुंबकाचा काही परिणाम होतो काय? हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला वाटतो आणि तो तसा आहेही. परंतु त्याचे एक मूळ आपल्या जुन्या निजामी मुलखात आहे. शिवाय हा विषय हाती घेण्यास एक निमित्तही आहे. आपल्या मंडळींत तेलंगणच्या प्राचीन पोलादाची गोष्ट निघाली की कोणीतरी हटकून सांगतो, की इथले लोहार चुंबकाच्या साहाय्याने पोलादातील स्फटिकांना वळण लावीत आणि ही विद्या पुढे इंग्रजांनी पळवली. अभिमानाची गोष्ट कानांस गोड लागते. पण ती खरी आहे काय, हे एकदा पाहिले पाहिजे.

अशा शोधासाठी पाय साहजिकच अफझलगंजच्या ग्रंथालयाकडे वळतात. १८९१ साली स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय १९३६ साली मुसीकाठच्या आजच्या भव्य इमारतीत आले आणि पुढे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय झाले. नदीपलीकडे सालारजंग संग्रहालय आहे. तेथील शस्त्रांच्या दालनात जुन्या तलवारी पाहताना काही पात्यांवर पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी दिसते. ती कोरलेली नसते, रंगवलेलीही नसते. पोलादाच्या अंगातच ती असते. उर्दूत तिला जौहर म्हणतात. आपण मराठीत ‘पाणीदार तलवार’ म्हणतो तेव्हा बहुधा तापवून बुडवण्याचे, म्हणजे पाणी देण्याचे कसब मनात असते. ते कसब निराळे आणि हे तरंग निराळे. पाणी देण्याने धार कडक होते. तरंगाचे मूळ त्याच्याही आधी, धातू थिजताना पडते.

नांदेडकडून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली उतरत गेले की आपले वाडवडील ज्यास इंदूर म्हणत तो निजामाबाद जिल्हा लागतो. त्यात कोनसमुद्रम नावाचे एक गाव आहे. मोठे देऊळ नाही, किल्ला नाही, बाजारपेठही नाही. तरीही इराणातील इस्फहानच्या व्यापाऱ्यांना या गावाचे नाव ठाऊक होते. सतराव्या शतकात गोवळकोंड्यास येऊन गेलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे की, इराणी कारागीर ज्या पोलादावर तरंग उठवतात ते गोवळकोंड्याच्या राज्यातून येते. तेलुगू-कन्नडमधील ‘उक्कु’ या शब्दाचा इंग्रजांच्या तोंडी ‘वुट्झ’ झाला असे बहुतेक विद्वान मानतात. आम्हीही पुढे तोच शब्द वापरतो.

कोनसमुद्रमच्या भट्टीचे प्रत्यक्ष पाहून केलेले वर्णन हेन्री वॉयसी याचे आहे. हा गृहस्थ शल्यवैद्य आणि भूगर्भतज्ज्ञ. कर्नल लॅम्टन यांच्या त्रिकोणमितीय मोजणीच्या पथकाबरोबर तो दख्खनभर हिंडला. लॅम्टन १८२३ साली आपल्या हिंगणघाटास वारले. पाठोपाठ १८२४ साली वॉयसीही गेला. त्याचे टिपण मरणोत्तर, १८३२ साली, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. कोनसमुद्रमला त्याची गाठ हाजी हुसेन नावाच्या इस्फहानच्या व्यापाऱ्याशी पडली. हा इराणी माणूस वजनकाट्यापाशी स्वतः उभा राहून माल पारखून घेत होता. त्याने वॉयसीस सांगितले, की ही कृती इस्फहानच्या लोकांना माहीत आहे, तिची नक्कल करण्याचा त्यांनी प्रयत्नही केला. पण ती साधली नाही.

कृती तरी काय होती? मिर्तपल्ली आणि कोंडापूर या दोन ठिकाणचे लोखंड ठरावीक प्रमाणात एकत्र करून मातीच्या मुशीत घालीत. पैकी एक लोखंड ओढ्यानाल्यांत सापडणाऱ्या काळ्या, चुंबकास चिकटणाऱ्या वाळूपासून काढलेले असे. वर थोडी काच घालीत, मुशीचे तोंड मातीने बंद करीत, आणि भात्यांनी वारा घालून सुमारे एक दिवस-रात्र अशा मुशी तापवीत. नंतर भट्टी तशीच निवू देत. मूस फोडली की आत पोलादाची गोल वडी निघे. ही वडी इतकी ठिसूळ असे, की घण मारला तर तिचे तुकडे व्हावेत. म्हणून तिला मातीचा लेप देऊन मंद आचेवर बारा-सोळा तास ठेवीत, निववीत, पुन्हा ठेवीत. असे तीन-चार वेळा झाले की मग ती घडवण्याजोगी मऊ होई.

या साऱ्या वर्णनात आमचे लक्ष वेधते ते ‘निवू देत’ या शब्दांकडे. लोणी कढवून तूप करणाऱ्या प्रत्येक घरात हे शास्त्र ठाऊक असते. कढलेले तूप भांड्यातच हळूहळू थिजू दिले तर ते रवाळ होते. तेच झटकन गार केले तर गुळगुळीत, बिनरव्याचे होते. सावकाश थिजताना थोड्याच ठिकाणी कण धरतो आणि त्याला वाढण्यास वेळ मिळतो. घाईने थिजताना असंख्य ठिकाणी कण धरतात आणि कोणासच वाढता येत नाही. धातूंचेही तसेच आहे. फरक इतकाच, की धातूचा स्फटिक खडीसाखरेसारखा सपाट पैलूंनी न वाढता बहुधा नेच्याच्या पानासारखा वाढतो: मधला दांडा, त्यास काटकोनात फुटलेल्या फांद्या, फांद्यांना उपफांद्या. वितळलेल्या धातूत असे रान माजते आणि त्याच्या फांद्यांच्या बेचक्यांत उरलेला द्रव सर्वांत शेवटी थिजतो.

थिजणारा स्फटिक आपल्या अंगात सगळ्या गोष्टी सारख्या प्रमाणात घेत नाही. काही द्रव्ये तो बाहेर लोटतो आणि ती बेचक्यांत साठत जातात. वुट्झमध्ये शेकडा दीड भागाच्या आसपास कार्बन असे. आयोवाचे प्राध्यापक व्हरहोवेन आणि पाती घडवणारे आल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९८ साली दाखवून दिले, की व्हॅनेडियमसारख्या धातूचे अत्यल्प अंश या बेचक्यांत साठतात. पुढे वडी पुन्हापुन्हा तापवून घडवताना नेमक्या त्याच रांगांवर लोह-कार्बनच्या कठीण कणांचे पट्टे बसतात. तलवारीवर दिसणारे तरंग म्हणजे हे पट्टे. व्हॅनेडियमचा हा अंश किती असावा? दहा लाख भागांत चाळीस भाग इतकाही पुरतो. दोन विशिष्ट ठिकाणचेच लोखंड घेण्याचा कोनसमुद्रमच्या लोहारांचा आग्रह आणि इस्फहानची फसलेली नक्कल, या दोन्ही गोष्टी या शोधाच्या उजेडात वाचाव्यात असे आम्हांस वाटते.

आता चुंबकाकडे वळू. आणि तेथे जाण्याची वाट मुंबईवरून आहे. मुंबईचे एक वैद्य डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर प्रयोग करून १७९५ साली सोसायटीपुढे निबंध वाचला. वुट्झचे नाव त्यामुळे युरोपभर झाले. पुढे जेम्स स्टोडार्ट या शस्त्रक्रियेची हत्यारे करणाऱ्या लंडनच्या कारागिरास या पोलादाचे वेड लागले. त्याने मदतीस घेतलेला तरुण रसायनज्ञ म्हणजे मायकेल फॅरडे.

फॅरडे लोहाराचा मुलगा. विजेच्या शास्त्राचा जनक म्हणून आपण त्यास ओळखतो. पण त्याच्या पहिल्या मोठ्या कामांत पोलादाचे काम येते. १८१९ साली त्याने वुट्झचे पृथक्करण केले आणि त्यात ॲल्युमिनियमचे अंश असावेत व त्यांमुळेच तरंग उठत असावेत, असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष चुकीचा होता. तथापि त्या चुकीपोटी १८२० आणि १८२२ मध्ये स्टोडार्ट आणि फॅरडे यांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे नाना धातू मिसळून पाहिले, आणि मिश्र पोलादाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा तो आरंभ ठरला. फॅरडेने जपून ठेवलेले पोलादाचे तुकडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका पेटीत पडून होते. ते सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी पुन्हा तपासून १९३१ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. विद्वत्तेच्या प्रांतात चूकही कधी एवढी फलद्रूप होते, हे पाहून मौज वाटते.

स्टोडार्ट १८२३ साली वारला आणि फॅरडेचा पोलादाचा धंदा मागे पडला. दरम्यान १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडने विजेच्या प्रवाहाजवळ होकायंत्राची सुई वळते हे पाहिले होते. १८२१ साली जर्मनीत झेबेक याला आढळले, की दोन भिन्न धातूंचे तुकडे जोडून एक सांधा तापवला की शेजारची सुई हलते. दोन धातूंच्या सांध्यातील उष्णतेच्या फरकाने वीज वाहते, हा त्याचा अर्थ. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी; ती पुढे लागणार आहे. १८३१ साली फॅरडेने उलट बाजूने मार्ग काढला: चुंबकाजवळ तार हलवली की तारेत वीज उत्पन्न होते.

त्यानंतरचा त्याचा एक प्रयोग आम्हांस विशेष प्रिय आहे. तार हलवल्याने वीज होते, तर वाहते पाणी हलवल्याने का होऊ नये? पृथ्वी तर स्वतःच चुंबक आहे. म्हणून जानेवारी १८३२ मध्ये त्याने लंडनच्या वॉटर्लू पुलावरून टेम्स नदीत तारेने बांधलेले तांब्याचे पत्रे सोडले आणि नदीच्या ओघाने वीज होते काय, हे पाहत राहिला. विश्वसनीय असे काही हाती लागले नाही. पाणी विजेचे फारसे वाहक नाही आणि पृथ्वीचे चुंबकत्व दुबळे. अफझलगंजच्या पुलावरून मुसीत असे पत्रे सोडले असते तरी हेच झाले असते. उन्हाळ्यात तर तेवढे पाणीही मिळाले नसते! विचार मात्र बरोबर होता. वाहणारा द्रव जर पाण्याऐवजी वितळलेला धातू असेल आणि चुंबक पृथ्वीपेक्षा हजारो पटींनी प्रबळ असेल, तर त्या द्रवात वीज होते. त्या विजेवर चुंबक उलटा दाब देतो आणि द्रवाचा वेग मंदावतो. बैलगाडीच्या चाकाला उतारावर खुटी लावावी तसा हा प्रकार. डेन्मार्कच्या हार्टमन यांनी १९३७ साली पाऱ्यावर प्रयोग करून याचे गणित पक्के केले.

फॅरडेची आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली आणि आमच्या विषयाची खरी नाळ तिच्याशी आहे. १८४८ साली त्याने बिस्मथ या धातूचे स्फटिक चुंबकाच्या दोन टोकांमध्ये दोऱ्याने टांगले. बिस्मथ वितळवून थोडा थिजू द्यावा आणि उरलेला द्रव ओतून टाकावा, की भांड्याच्या अंगाला सुरेख स्फटिक चिकटून राहतात. हे स्फटिक चुंबकात वाटेल तसे राहिनात. फिरवून सोडले तरी वळून एका ठराविक दिशेसच उभे राहू लागले. स्फटिकाच्या आतील रचनेला दिशा असते आणि चुंबक ती दिशा ओळखतो, हे त्याने ताडले. वुट्झच्या पात्यावरील नक्षीत स्फटिक शोधणारा माणूस सव्वीस वर्षांनी स्फटिकांवर चुंबकाची सत्ता चालते या शोधापर्यंत येऊन पोचला. त्याने स्वतः हे दोन धागे एकत्र गुंफले नाहीत. त्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला.

१९६६ साली अमेरिकेत अटेक आणि फ्लेमिंग्ज या शास्त्रज्ञांनी इंडियम अँटिमोनाइड या संयुगाचे स्फटिक चुंबकाच्या सान्निध्यात वाढवले. एरवी वितळलेल्या द्रवात उष्णतेने उकळीसारखे भोवरे चालतात. त्यांमुळे थिजणाऱ्या स्फटिकात मिसळलेल्या द्रव्याचे थर कमी-अधिक बसतात आणि खोडाच्या वलयांसारख्या रेषा उमटतात. चुंबकाची खुटी लावताच भोवरे शमले आणि त्या रेषा नाहीशा झाल्या. आज संगणकाच्या चकत्यांसाठी सिलिकनचे मोठे स्फटिक ओढताना हीच युक्ती वापरतात. पोलादाच्या कारखान्यांत नेमके उलटे करतात. तेथे फिरते चुंबकीय क्षेत्र देऊन थिजणारे पोलाद बाहेरून, स्पर्श न करता, ढवळतात. गुळाचा पाक ढवळत निववला की रवा बारीक येतो, तशा लांब फांद्या मोडून बारीक, सारखे कण होतात. म्हणजे एकच चुंबक स्थिर ठेवला तर द्रव शांत होतो आणि फिरवला तर ढवळला जातो.

गोष्ट एवढ्यावर संपती तर सोपे झाले असते. झेबेकचा तापलेला सांधा येथे पुन्हा पुढे येतो. थिजलेला धातू आणि शेजारचा वितळलेला धातू हे विजेच्या दृष्टीने दोन भिन्न धातूंसारखे वागतात. त्यांच्या सीमेवर, फांदीच्या टोकाशी आणि बुंध्याशी उष्णता सारखी नसते. म्हणून तेथे आपोआप सूक्ष्म वीज खेळते. बाहेरून चुंबक लावला की त्या विजेवर दाब येऊन फांद्यांच्या बेचक्यांतून द्रव वाहू लागतो. फांद्यांवरही जोर येतो, त्या वाकतात, कधी तुटतात. यामुळे शांत करण्यासाठी लावलेला चुंबक काही वेळा नव्याच हालचालीस कारण होतो. मध्यम ताकदीच्या चुंबकाचा हा उपद्रव बहुधा अधिक, फार प्रबळ चुंबकाचा कमी. फ्रान्समधील ग्रनोबल येथे शक्तिशाली क्ष-किरणांच्या साहाय्याने थिजत्या धातूतील तुटलेले कण चुंबकामुळे बाजूस वाहत जाताना प्रत्यक्ष पाहण्यात आले आहेत. याखेरीज फॅरडेच्या बिस्मथाप्रमाणे, द्रवात सुटे तरंगणारे स्फटिक प्रबळ चुंबकात वळून एका दिशेस तोंड करतात, हे रीगा येथील शास्त्रज्ञांनी १९८१ साली मिश्रधातूंत दाखवले होते.

एवढी तयारी झाल्यावर आपल्या मंडळींच्या दाव्याकडे येता येईल. कोनसमुद्रमच्या मुशीजवळ चुंबक म्हणून जे होते ते एकच, पृथ्वी. दख्खनमध्ये तिचे चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गौसहूनही कमी आहे. प्रयोगशाळेत साधा परिणाम दिसण्यासही त्याच्या हजारोपट क्षेत्र लागते आणि स्फटिकांना दिशा देण्यास त्याहून कितीतरी अधिक. दुसरी गोष्ट, मुशीतील लोखंडाची वाळू चुंबकास चिकटणारी असली तरी ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंड आपला तो गुण टाकून देते आणि पोलाद वितळण्याचे तापमान त्याहून सहाशे अंशांनी वर असते. वाळूतील चुंबकत्व मुशीच्या दारातच संपलेले असते. तेव्हा कोनसमुद्रमच्या तरंगांत चुंबकाचा हात नव्हता, हे आम्ही स्पष्टपणे लिहितो.

याचा अर्थ आपल्या पूर्वजांना लोह आणि चुंबक यांचा संबंध ठाऊक नव्हता असा मुळीच नाही. रसशास्त्राच्या ग्रंथांत लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे प्रकार केलेले आहेत, आणि कांताचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक व रोमकांत असे पाच भेद सांगितले आहेत. लोखंडास फिरवणारा, चिकटवून घेणारा, ओढून घेणारा असे हे सूक्ष्म वर्गीकरण आहे. इंग्लंडात विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली लिहिले, की तापलेले लोखंड उत्तर-दक्षिण धरून ऐरणीवर ठोकले की निवताना त्यात चुंबकत्व उतरते. आपल्या लोहारांच्या ऐरणीवरही हे घडत असणारच. पण ते घडते निवालेल्या, घन लोखंडात. थिजणाऱ्या पोलादातील स्फटिकांशी त्याचा संबंध नाही.

आमच्या मते खऱ्या कौतुकाची जागा दुसरी आहे. चुंबक नव्हता, उष्णतामापक नव्हता, व्हॅनेडियमचे नावही नव्हते (त्या धातूचा शोधच एकोणिसाव्या शतकातला). हाती होते ते मुशीची माती, लोखंडाच्या दोन जाती आणि सावकाशीचा धीर. चुंबकाने द्रवाची हालचाल आवरून आज जे साधू पाहतात, त्यातील काही भाग त्या लोहारांनी बंद मूस आणि हळूहळू निवणारी भट्टी यांनी साधला. हे श्रेय पुरेसे आहे. त्यावर चुंबकाचा मुलामा चढवण्याची गरज नाही. शिवाय त्या मुलाम्याने खरे कसबच झाकले जाते.

एक गोष्ट मात्र खुपते. हैदराबादच्या राज्यात दफ्तर सांभाळण्याचे काम मोठ्या प्रमाणावर आपल्या मंडळींकडे होते. दफ्तर-ए-दिवाणी तर पिढ्यान्‌पिढ्या रायरायां घराण्याकडे होते. जमीन, जागीर, इनाम, वसुली यांचा कागद न् कागद जपला गेला. पण त्या पद्धतीत लोहाराच्या भट्टीकडे पाहण्याची दृष्टी महसुलाची होती. मुशीत काय घालतात, किती वेळ तापवतात, हे लिहिणे दफ्तरदाराचे काम नव्हते. लोहार लिहीत नव्हता, लिहिणारा लोहाराजवळ बसत नव्हता. परिणामी आज कोनसमुद्रमसाठी आपण वॉयसीचे टिपण वाचतो. ज्यांचे आयुष्य सरकारी कचेरीत टिपणे लिहिण्यात गेले, त्या आमच्यासारख्यांना हे विशेष लागते. पुढे स्वस्त विलायती पोलाद आले, १८५६ च्या बेसेमरच्या शोधानंतर त्याचा पूरच आला, आणि एकोणिसावे शतक संपता संपता त्या भट्ट्या विझल्या. बापाकडून मुलाकडे जाणारे ज्ञान एका पिढीच्या खंडानेही तुटते, आणि तसेच झाले.

हैदराबादेत धातूच्या स्फटिकांची विद्या मग परतली ती वेगळ्याच दाराने. १९६३ साली येथे संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली आणि १९७३ साली मिश्र धातु निगम. दोन्ही कंचनबागेत, अफझलगंजपासून तासाभराच्या आत पोचावे इतक्या अंतरावर. विमानाच्या इंजिनातील पाती धगधगत्या वायूत फिरतात आणि तेथे स्फटिकांच्या सांध्यांवरच धातू प्रथम हार खातो. म्हणून अख्खे पाते एकाच स्फटिकाचे करतात. साचाच्या तळाशी थिजू लागलेल्या धातूतील अनेक स्फटिकांना एका पिळदार अरुंद नळीतून वर चढावयास लावतात. नळीच्या वळणांत एकेक मागे पडतो, वर एकटाच पोचतो आणि तोच पाते भरून वाढतो. या प्रयोगशाळेने अशी साठ पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे सुपूर्त केल्याचे एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाले. अशा पात्यांत द्रवाच्या भोवऱ्यांमुळे वांगाच्या डागांसारखे दोष पडतात. ते चुंबकाने टाळता येतील काय, याचे प्रयोग जगात निरनिराळ्या ठिकाणी चालू आहेत. आतापर्यंतचा अनुभव संमिश्र आहे. कधी डाग कमी होतात, तर कधी एकाच बाजूस गोळा होतात. सीमेवरची ती झेबेकची वीज अजून पुरती कह्यात आलेली नाही.

चुंबक घडवण्याच्या कामात मात्र स्फटिकांना दिशा देण्याची युक्ती नित्याची झाली आहे. सॅमेरियम-कोबाल्टसारख्या मिश्रधातूचे बारीक चूर्ण प्रबळ चुंबकीय क्षेत्रात धरले की प्रत्येक कण फॅरडेच्या बिस्मथासारखा वळून रांगेत उभा राहतो. त्याच स्थितीत ते दाबून, भाजून घेतात. कंचनबागेच्या प्रयोगशाळेत आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या तंत्रावर असे चुंबक करण्याचा कारखाना विशाखापट्टणम येथे उभा राहिला आणि मे २०२३ मध्ये त्याचे राष्ट्रार्पण झाले.

कोनसमुद्रमकडे अलीकडच्या काळात अभ्यासकांचे लक्ष पुन्हा गेले आहे. २०१० साली बंगळूरच्या शारदा श्रीनिवासन, तेलंगणचे एस. जयकिशन आणि इंग्लंडच्या जिल जुलेफ यांनी उत्तर तेलंगणातील गावोगाव फिरून जुन्या भट्ट्यांच्या जागांची पाहणी केली. शेताच्या बांधांवर, गावकुसाशी मळीचे ढीग आणि फुटक्या मुशींचे तुकडे त्यांना आढळले. मुशीचा असा तुकडा आतून पाहिला तर कडेने एक काचेसारखी चकाकणारी रेघ दिसते. वितळलेल्या पोलादावर तरंगणारी काच जेथवर चढली होती तेथे ती चिकटून राहिलेली असते. रेघेवरून मुशीत पोलाद किती उंचीपर्यंत भरले होते ते मोजता येते. आणि ती तिरकी असली, तर ती मूस त्या दिवशी भट्टीत कोणत्या बाजूस कलली होती, हेही सांगता येते.